मांजराची नजर जाते तेव्हा: आनुवंशिक नेत्ररोगांची ओळख, तपासणी आणि कोकणातल्या घरातली व्यवस्था

घरातलं मांजर हळूहळू आंधळं होत असेल तर घरच्यांना ते फार उशिरा कळतं. मिशा, कान, नाक आणि पाठ झालेलं घर यांच्या जोरावर ते पडवीतून माजघरात आणि माजघरातून चुलीपाशी बिनचूक जातं. मग चतुर्थीच्या आदल्या दिवशी टेबलं-पेट्या हलतात, मखर उभं राहतं आणि मांजर मखराच्या पायावर आपटतं. 'गर्दीने बावचळलंय' असं म्हणून घरचे कामाला लागतात. दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या तळाचा पडदा, तोवर बराचसा गेलेला असतो.

आनुवंशिक झिजेमुळे गेलेला पडदा परत आणणारं औषध आज नाही. हा आजार दुखत मात्र नाही, आणि नीट ठेवलेलं आंधळं मांजर पूर्ण आयुष्य जगतं. म्हणूनच 'हे रक्तातलंच आहे' हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा. एकदा तो काढला की उपचार शोधणं थांबतं, आणि कोकणात नजर गेलेली जी मांजरं दिसतात त्यांतल्या बहुतेकांचं कारण रक्तात नसतंच. ते सर्दीत, जेवणात, रक्तदाबात किंवा इंजेक्शनात असतं. यातली काही कारणं वेळेत सापडली तर नजर वाचते.

कुठल्या मांजरात काय उतरतं

रत्नागिरी-सिंधुदुर्गात हल्ली पर्शियन आणि 'पर्शियन क्रॉस' पिल्लं सर्रास दिसतात, म्हणून आधी त्यांचं. पर्शियनमध्ये दृष्टिपटलाची झीज फार लवकर सुरू होते. दोष असलेल्या पिल्लात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून बदल दिसतात आणि साधारण १६ आठवड्यांपर्यंत पिल्लू आंधळं होतं. दोष एआयपीएल१ नावाच्या जनुकात आहे. तो २०१६ मध्ये सापडला, त्यामुळे आता डीएनए चाचणीत पकडता येतो. दोष अप्रकट आहे: आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू आंधळं होतं. एकाकडूनच आला तर पिल्लू फक्त वाहक राहतं, त्याची स्वतःची नजर शाबूत असते.

पर्शियनचा दुसरा धोका डोळ्यात नाही, मूत्रपिंडात आहे. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार वंशाने येतो, आणि त्याला एकाच पालकाकडून आलेला दोष पुरतो. अशा मांजराचं मूत्रपिंड मध्यम वयात थकू लागतं, रक्तदाब चढतो आणि चढलेल्या रक्तदाबाने दृष्टिपटल सुटून मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं. पर्शियनची डीएनए चाचणी करायचीच असेल तर या दोन्ही दोषांची एकाच नमुन्यातून मागावी.

तिसरं आहे चपट्या तोंडाचं. डोळे बाहेर आलेले, पापणी पूर्ण मिटत नाही, पाणी सतत गळतं, कधी पापणीची कड आत वळून केस बुबुळाला घासतात. अशा डोळ्यावर पुढे तपकिरी-काळा डाग बसतो. तो मेलेल्या ऊतीचा तुकडा असतो. खरवडून निघत नाही, तो काढायला शस्त्रक्रिया लागते. लोक याला डोळ्यात माती गेली समजून चोळून धुतात, त्याने जखम वाढते.

सयामी आणि तिच्या नात्यातल्या जातींत, तसंच अॅबिसिनियन आणि सोमालीत, उशिरा येणारी झीज आढळते. तिचा दोष सीईपी२९० या जनुकात आहे आणि तो २००७ मध्ये ओळखला गेला. इथे पिल्लू जन्मतः ठणठणीत पाहतं. सात महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान तज्ज्ञाला पडद्यावर बदल दिसू लागतात आणि बहुतेक मांजरं तीन ते पाच वर्षांत, काही त्याहून उशिरा, आंधळी होतात. घात इथेच होतो. मांजरी पहिल्या वर्षातच माजावर येते, म्हणजे तिची नजर गेल्याचं कळेपर्यंत तिच्या तीन-चार विणी होऊन पिल्लं घरोघर गेलेली असतात. अॅबिसिनियनमध्ये आणखी एक, प्रकट स्वरूपाचा, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी पुरणारा, दोष आहे. तो सीआरएक्स जनुकात असून चार-सहा आठवड्यांच्या पिल्लातच बाहुल्या मोठ्या आणि डोळे थरथरते दिसतात. बेंगाल जातीत झीज आठव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते पण सावकाश वाढते, आणि आधी अंधारातली नजर जाते.

सयामीचे तिरळे किंवा किंचित थरथरणारे डोळे बघून घाबरायचं कारण नाही. त्या रंगाच्या जनुकामुळे डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची जोडणीच वेगळी होते, त्याचा हा परिणाम. मांजर त्याने आंधळं होत नाही. याच जातीत जन्मजात काचबिंदूही उतरतो आणि त्याचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. त्यात डोळ्याचा गोळा मोठा होत जातो, बुबुळ निळसर धुरकट दिसतं, आणि ते दुखतं. मांजर दुखणं दाखवत नाही. ते नुसतं कमी खातं आणि जास्त झोपतं. पर्शियन, हिमालयन, बर्मन आणि ब्रिटिश शॉर्टहेअर या जातींत क्वचित वंशाने येणारा मोतीबिंदू सापडतो. मोतीबिंदू काढता येतो, त्यामुळे पांढरी बाहुली दिसली की आशा सोडू नये.

गावठी मांजरांत हे दोष कमी दिसतात, कारण त्यांची वीण मोकळी असते. पण एकाच वाडीत पर्शियन क्रॉसची भावंडं मोकळी फिरत असतील तर हिशेब बदलतो. तो पुढे दिला आहे.

घरी करायच्या चाचण्या

यांसाठी एक छोटा टॉर्च, कापसाचे बोळे, पारदर्शक प्लास्टिकचं फोल्डर आणि मदतीला एक माणूस पुरतो. मांजर जेवून शांत झालेलं असावं. दिवेलागणीची वेळ उत्तम, कारण उजेड आणि अंधार दोन्ही हाताशी असतात. पिल्लू सहा-आठ आठवड्यांहून लहान असेल तर हात उगारल्यावर डोळे मिचकावण्याची क्रिया अजून पक्की झालेली नसते, त्यावरून काही ठरवू नये.

पहिली चाचणी बाहुलीची. खोलीत अंधुक उजेड ठेवून पाच मिनिटं थांबा. मग टॉर्च एका डोळ्यावर बाजूने आणा. दोन्ही बाहुल्या लगेच आकसल्या पाहिजेत. ज्या डोळ्यावर उजेड नाही तीही. नंतर दुसरा डोळा. झिजेच्या आजारात बाहुल्या नेहमीपेक्षा मोठ्या राहतात आणि आळसावून, अर्धवट आकसतात. पण बाहुली हलते म्हणजे मांजर पाहतं असं नाही. पडदा बराच गेल्यावरही ही हालचाल काही प्रमाणात टिकते. उलट दोन बाहुल्या दोन मापांच्या दिसल्या तर विषय घरगुती राहत नाही, डॉक्टर गाठा.

दुसरी, हात उगारण्याची. एक डोळा तळव्याने झाका आणि दुसऱ्यासमोर बोट झटकन न्या. इथे बहुतेक लोक एकच चूक करतात: हाताने वारा जातो, मिशांना लागतो, मांजर मिचकावतं आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. म्हणून मध्ये फोल्डरचं पारदर्शक प्लास्टिक धरा आणि हालचाल त्याच्या पलीकडून करा.

तिसरी कापसाच्या बोळ्याची आणि घरातल्या चाचण्यांत हीच सर्वांत भरवशाची. बोळा मांजराच्या एका बाजूला, डोळ्यांपासून हातभर अंतरावर, वरून सोडा. तो पडताना आवाज करत नाही, त्याला वासही नसतो. पाहणारं मांजर डोक्याने त्याचा माग घेतं. प्रत्येक बाजूला तीन-चार वेळा, मधे थोडा वेळ सोडून करा. कंटाळलेलं मांजर पाहूनही दुर्लक्ष करतं, तेव्हा एकदा नाही बघितलं म्हणून लगेच आंधळं ठरवू नका.

चौथी वाट काढण्याची. मांजराला माहीत नसलेली खोली हवी. बादली, पाट, उलटी टोपली असे चार-पाच अडथळे मांडा आणि पलीकडून हाक मारा. आधी भर उजेडात, मग अंधुक उजेडात. प्रत्येक फेरीआधी मांडणी बदला, नाहीतर दुसऱ्याच फेरीत ते पाठ झालेलं असतं. उजेडात सरळ आणि अंधारात चाचपडत चालणारं मांजर रातांधळेपणाकडे बोट दाखवतं. आनुवंशिक झीज बहुतेकदा तशीच सुरू होते, कारण अंधारात पाहणाऱ्या पेशी आधी मरतात. हीच फेरी मोबाइलवर चित्रित करून तारीख घालून ठेवा. डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा ती जास्त उपयोगी पडते, आणि सहा महिन्यांनी परत केली की फरक कळतो.

फ्लॅश लावून फोटो काढण्याची युक्तीही करून पाहण्यासारखी आहे. अंधुक खोलीत दोन मीटरवरून, मांजर समोर बघत असताना. डोळ्याच्या तळाशी चमकणारा थर असतो. त्यावरचा पडदा पातळ झाला की चमक वाढते. घरात दुसरं तशाच रंगाचं मांजर असेल तर त्याच जागी त्याचाही फोटो घेऊन ताडून पाहा. सयामी आणि निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांचे डोळे मुळातच लाल चमकतात. त्यांच्यावर ही युक्ती चालवू नका.

रक्तातलं नसलेलं आधी बाजूला काढा

पिल्लाचे डोळे सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास उघडतात. त्याआधीच मिटलेल्या पापणीमागे फुगवटा आला किंवा कडेतून पू दिसला तर आत संसर्ग कोंडला आहे. कोमट उकळलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाकाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हलक्या हाताने पुसत पापणी मोकळी करायची आणि त्याच दिवशी मलमासाठी डॉक्टरांकडे न्यायचं. ते राहिलं तर बुबुळ आत सडतं. पावसात माळ्यावर किंवा लाकडांच्या खोलीत व्यालेल्या मांजरीच्या पिल्लांत हे सारखं दिसतं, आणि मागाहून लोक म्हणतात, 'जन्मतःच आंधळं होतं.' थोडं मोठं झाल्यावर शिंका, चिपाडं, डोळ्यात फूल पडणं हा मांजरांच्या सर्दीच्या विषाणूचा प्रताप. एका विणीतली सगळी पिल्लं एकदम आजारी पडतात म्हणून ते वंशातलं वाटतं, पण ते एकमेकांना लागलेलं असतं.

डोळ्यात मध, गुलाबपाणी, एरंडेल घालू नका. त्याहून धोक्याचे म्हणजे मेडिकलमधून माणसांसाठी आणलेले थेंब. त्यात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी एखादं स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर जखम खोल जाऊन डोळा फुटू शकतो. जखम आहे की नाही हे डॉक्टर हिरव्या-पिवळ्या रंगाचा थेंब टाकून पाहतात. ते पाहिल्याशिवाय स्टेरॉइड नाही.

आता औषधांच्या मात्रेकडे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रोजचं काम गाई-म्हशींचं आणि कपाटातली औषधंही त्यांच्या मापाची. एन्रोफ्लॉक्सासिन हे नेहमीचं प्रतिजैविक मांजरात दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर दृष्टिपटल जळू शकतं आणि ते अंधत्व बहुधा कायमचं असतं. हिशेब करून पाहा: तीन किलोच्या मांजराला दिवसाची कमाल मर्यादा १५ मिलिग्रॅम. गुरांचं दहा टक्क्यांचं इंजेक्शन असेल तर एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे मर्यादा ०.१५ मिलिलिटर. अर्धा मिलिलिटर 'लहान डोस' म्हणून गेला तरी तिपटीहून जास्त झाला. म्हातारं किंवा मूत्रपिंड थकलेलं मांजर असेल तर धोका आणखी वाढतो. डॉक्टरांना वजन सांगा, औषधाचं नाव विचारा आणि मात्रा कागदावर लिहून घ्या. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही.

खरजेसाठी देतात त्या आयव्हरमेक्टिनचंही तसंच. एक टक्क्याच्या इंजेक्शनात मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असतं, आणि पाऊण किलोच्या पिल्लाला थेंब-दोन थेंबांचा फरकही भारी पडतो. बाहुल्या मोठ्या, चालताना झोकांड्या, नजर गेलेली, असं चित्र इंजेक्शननंतर दिसलं तर लगेच परत न्या. आधार-उपचार मिळाले तर ही नजर बऱ्याचदा काही दिवसांत परत येते.

जेवणाचा भाग कोकणात विशेष तपासावा लागतो. मांजराच्या दृष्टिपटलाला टॉरिन हा घटक लागतो, आणि तो मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही. टॉरिन कमी पडलं की पडद्याचा मधला भाग झिजतो, हे १९७५ पासून माहीत आहे. दूधभात, डाळभात किंवा कुत्र्याचं खाणं यांवर वाढलेलं मांजर या रांगेत पहिलं. मासे खाणाऱ्याला सहसा तुटवडा पडत नाही, पण एक खोच आहे: टॉरिन पाण्यात उतरतं. बांगडा उकडून पाणी ओतून दिलं आणि चोथा भातात कालवला तर टॉरिन मोरीतून गेलं. मासे थोड्याच पाण्यात शिजवा आणि ते पाणी भातासकट द्या. कालवणातलं खोबरं-कांदा-लसूण घातलेलं उरलेलं मात्र नको, कांदा-लसणाने मांजराच्या रक्तपेशी फुटतात. कच्च्या तारल्या रोजच्या रोज घालणंही बरं नाही. अशा काही कच्च्या माशांतला एक घटक ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतो आणि मांजर मान खाली घालून, बाहुल्या विस्फारून लडखडतं. शिजवल्यावर तो धोका जातो. मिठाचा सुका बांगडा आणि सुकट चवीपुरतं.

विकतचं खाणं घेत असाल तर पाकिटावर ते मांजरासाठी 'संपूर्ण आहार' असल्याचं आणि टॉरिन घातल्याचं पाहा. कोरड्या खाण्यात ते किलोमागे किमान १००० मिलिग्रॅम असावं, डब्यातल्या ओल्या खाण्यात दुप्पट. तुटवडा ठरला तर डॉक्टर टॉरिन स्वतंत्र देतात, साधारण २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. झालेली झीज त्याने भरून येत नाही, पुढची थांबते. आनुवंशिक झीज थांबत नाही. आहार सुधारून सहा-आठ महिन्यांनी पडदा आहे तसाच असेल तर हा फरकच निदानाला मदत करतो.

उरला रक्तदाब. दहा वर्षांपुढचं मांजर काल पाहत होतं आणि आज भिंतीला आपटतंय, बाहुल्या ताटलीएवढ्या, तर वंशाचा विचारच करू नका. मूत्रपिंड किंवा थायरॉइडच्या आजाराने रक्तदाब चढून दृष्टिपटल सुटलं असण्याची शक्यता सर्वांत मोठी. वरचा आकडा १६० च्या पुढे असेल तर उपचार लागतो. बहुधा अॅम्लोडिपिन, मांजराच्या वजनाप्रमाणे ०.६२५ किंवा १.२५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा. माणसाची ५ मिलिग्रॅमची गोळी घरी अंदाजाने तोडू नका. एक-दोन दिवसांत उपचार सुरू झाला तर पडदा पुन्हा बसून थोडी नजर येऊ शकते. आठवडाभर 'बघू' म्हटलं तर सहसा नाही.

डॉक्टरांकडे काय मागायचं

जाताना सोबत कागद हवा: वय, जात किंवा आई-बाप जे माहीत असेल ते, रोजचं खाणं, गेल्या तीन महिन्यांत दिलेली औषधं मात्रेसह, भावंडांपैकी कुणाला त्रास आहे का, आणि मोबाइलवरची ती फेरी. घाटातून कोल्हापूरला किंवा रेल्वेने मुंबईला न्यायचं असेल तर मोठ्या मांजराला चार-सहा तास आधी खाऊ घालू नका. लहान पिल्लाला इतकं उपाशी ठेवायचं नाही. पिंजऱ्यावर जुना टॉवेल टाका. घरचा वास आणि अंधार दोन्ही मिळतात.

क्रम महत्त्वाचा आहे. रक्तदाब सगळ्यात आधी मोजायला सांगा. मांजर पोहोचल्यावर दहा मिनिटं शांत बसू द्यावं, पाच-सात वेळा मोजून पहिला आकडा सोडून बाकीच्यांची सरासरी घ्यावी. मग डोळ्याचा दाब. मग बुबुळावरचा रंगाचा थेंब. शेवटी बाहुली मोठी करण्यासाठी ट्रॉपिकामाइड आणि पंधरा-वीस मिनिटांनी पडद्याची तपासणी. हा थेंब कडू असतो आणि डोळ्यातून घशात उतरतो, म्हणून मांजराच्या तोंडाला फेस येतो, घाबरू नका. काचबिंदूची शंका असेल तर दाब मोजल्याशिवाय तो घालू देऊ नका. काचबिंदू निघालाच तर एक बाब लक्षात असू द्या: माणसांना सर्रास देतात ते लॅटानोप्रोस्ट मांजराच्या डोळ्याचा दाब नीट उतरवत नाही.

झिजलेल्या पडद्यावर रक्तवाहिन्या बारीक झालेल्या आणि तळ जास्त चमकणारा दिसतो. एवढं दिसलं, रक्तदाब-मूत्रपिंड ठीक निघालं आणि आहार व औषधांचा इतिहास स्वच्छ असेल तरच वंशाकडे वळायचं. पडद्याचा विद्युत-आलेख ही पुढची पायरी आहे, पण त्याची सोय मोजक्याच ठिकाणी असते आणि भूल लागते. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय किंवा पुणे-मुंबईतले नेत्रतज्ज्ञ गाठण्याआधी फोनवर विचारून घ्या. जात ठाऊक असलेल्या मांजरात डीएनए चाचणी बऱ्याचदा त्याहून स्वस्त आणि सरळ पडते.

डीएनएचा नमुना कसा घ्यावा

चाचणी परदेशात, उदाहरणार्थ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशु-आनुवंशिकी प्रयोगशाळेत, किंवा तसा नमुना घेणाऱ्या भारतातल्या प्रयोगशाळेत होते. मागणी करताना 'डोळ्यांची चाचणी' असं मोघम लिहू नका. पर्शियनसाठी एआयपीएल१, सयामी-अॅबिसिनियनसाठी सीईपी२९०, बेंगालसाठी केआयएफ३बी. भलत्या जनुकाची चाचणी 'निर्दोष' आली तर तिला काही अर्थ नाही.

नमुना गालाच्या आतल्या पेशींचा. तासभर आधी खाणं बंद. दूध पिणारं पिल्लू असेल तर दोन तास आईपासून वेगळं ठेवा, नाहीतर आईच्याही पेशी नमुन्यात येतात. तो पूसाने, म्हणजे टोकाला कापूस असलेल्या काडीने, घेतात. हात धुवा, पुसाच्या टोकाला बोट लावू नका. गाल आणि हिरडी यांच्या मधे पूस दाबून पंधरा-वीस सेकंद गोल फिरवा. लाळ गोळा करायची नाही, गाल घासायचा आहे. प्रत्येक मांजराचे किमान दोन पूस घ्या.

आणि मग कोकणातली नेहमीची गफलत: ओला पूस प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून पाठवला जातो. जुलैच्या हवेत दोन दिवसांत त्यावर बुरशी धरते आणि प्रयोगशाळा नमुना नाकारते. पूस उभा करून पंख्याखाली काही तास वाळवा, कागदी पाकिटात घाला, पाकिटावर लगेच मांजराचं नाव लिहा, आणि ते पाकीट सिलिका जेलच्या पुडीसोबत बाहेरच्या लिफाफ्यात ठेवा. एका वेळी एकाच मांजराचा नमुना. दोघांचे पूस एका टेबलावर वाळत असले की अदलाबदल होणारच.

नजरेच्या या अप्रकट दोषांचे निकाल तीन प्रकारचे येतात: निर्दोष, वाहक, दोषी. वाहक मांजर स्वतः आजारी नसतं आणि होणारही नाही.

पिल्लांचा हिशेब

वाहक बोका आणि वाहक मांजरी एकत्र आली तर प्रत्येक पिल्लाला आंधळं होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन. वाहक आणि निर्दोष अशी जोडी असेल तर एकही पिल्लू आंधळं होत नाही, अर्धी वाहक निघतात. आता वाडीतला प्रकार घ्या. पर्शियन बोका वाहक आहे, गावठी मांजरी निर्दोष. पहिल्या विणीत सगळं छान. त्यांतले भाऊ-बहीण पुढे एकत्र आले तर होणाऱ्या पिल्लाला आंधळं होण्याची शक्यता सोळात एक. मुलगी बापाशीच गेली तर आठात एक. 'क्रॉस आहे, म्हणून दणकट' हे पहिल्या पिढीपुरतंच खरं.

वाहकाला वंशातून लगेच हाकलण्याची गरज नसते, विशेषतः जात लहान असेल तर. त्याला फक्त तपासलेल्या निर्दोष जोडीदाराशीच जुळवायचं आणि पिल्लं तपासायची. पण हे जो कागद ठेवतो त्याच्यासाठी. बाकी सगळ्यांसाठी उत्तर सोपं आहे: चार-सहा महिन्यांत शस्त्रक्रिया. आंधळ्या मांजरीची तर नक्कीच. माजावर आलेली आंधळी मांजरी ओळखीचं घर सोडून बाहेर पडते, आणि बाहेर काय आहे ते तिला दिसत नाही.

आंधळ्या मांजराचं घर

पहिले दोन-तीन आठवडे एकच खोली. खाण्याचं ताट, पाणी आणि रेतीचा ट्रे ठरलेल्या जागी, ट्रे ताटापासून दूर. मांजर गोंधळलं की त्याला उचलून दर वेळी एकाच जागी, शक्यतो ताटापाशी, ठेवा. तिथून ते स्वतःला जुळवून घेतं. खोली पाठ झाली की पुढची उघडा. मिशा कधी कापू नका. शिवण्याआधी बोला.

उंबऱ्यावर काथ्याचं पायपुसणं, पायऱ्यांच्या तोंडाशी गोणपाट, न्हाणीघराच्या दाराशी रबरी चटई. पायाखालचा पोत बदलला की मांजराला आपण कुठे आलो ते कळतं. पावसाळ्यात हे फार कामी येतं, कारण पत्र्यावर पाऊस कोसळत असताना कान निकामी होतात. फिनाईलने लादी पुसू नका. ते मांजराला विषारी आहे, पंजे चाटताना पोटात जातं, आणि मांजराने गाल घासून सोडलेल्या वासाच्या खुणाही पुसते. शेणाने सारवलेली जमीन असेल तर एका दिवशी अर्धंच घर सारवा.

बाहेरचं मात्र बंद करावं लागतं. विहिरीला कठडा असला तरी त्यावर लोखंडी जाळी हवी, कारण मांजर कठड्यावर उडी मारतं आणि पलीकडे काय आहे ते त्याला दिसत नाही. चिऱ्यांच्या ढिगात फुरसं असतं, डोळस मांजर ते टाळतं. मोकाट कुत्री आणि बिबट्या आहेतच. मांजराला ऊन-वारा हवाच, त्यासाठी पडवीचा एक कोपरा बंदिस्त करा: पोफळीचे किंवा बांबूचे खांब आणि इंचभर भोकाची वेल्ड जाळी. मासेमारीचं जुनं जाळं फुकट मिळतं पण वापरू नका, नखं अडकतात आणि मांजर घाबरून स्वतःला गुरफटून घेतं. किनाऱ्याजवळ खाऱ्या वाऱ्याने साधी जस्ताची जाळी लवकर गंजते. प्लास्टिकचा थर असलेली घ्या आणि दर मे महिन्यात खालची कड हाताने दाबून पाहा, गंज तिथून सुरू होतो.

गणपतीत आणि शिमग्यात घर बदलतं, माणसं वाढतात, फटाके वाजतात. त्या दिवसांपुरती मांजराची पहिली खोली परत त्याला द्या, ताट-ट्रे मूळ जागी ठेवा आणि दाराला बाहेरून चिठ्ठी लावा. आंधळ्या मांजराचं वजन महिन्यातून एकदा करा. ते कमी हिंडतं, लाडाने जास्त खातं, आणि फुगतं. वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या: झिजलेल्या पडद्याच्या डोळ्यात पुढे कधी मोतीबिंदू किंवा दाहही होतो. आंधळा डोळा लाल झाला, मोठा दिसू लागला किंवा मांजर तो मिटून घेऊ लागलं तर त्याच दिवशी न्या. न दिसणारा डोळाही दुखतो, आणि दुखणारा, कधीच न पाहणारा डोळा काढून टाकणं हा मांजराला दिलेला आरामच असतो.

पर्शियन पिल्लू घ्यायला जाल तेव्हा ते बारा आठवड्यांचं झाल्यावरच पाहा, आई-बापाच्या चाचणीचा कागद मागा, आणि खिशातून कापसाचे चार बोळे न्या.